गेमिंग हा 'पोरांचा खेळ' आहे, हे नक्की कुणी ठरवलं?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. बीजीएमआयची लॉबी भरली आहे. चार अनोळखी जणांचा स्क्वाड, विमानातून उडी मारायला काही सेकंद बाकी. तिघं माइकवर बोलतायत. कुठे उतरायचं, कोण कुणाला फॉलो करणार, गाडी कुणी आणायची. चौथी खेळाडू गप्प आहे.

तिचा माइक बिघडलेला नाही. तिने तो मुद्दाम बंद ठेवलाय. कारण तोंड उघडलं की पुढे काय होतं ते तिला अनुभवाने पाठ झालंय. आधी "अरे, मुलगी आहे रे!" मग इन्स्टाचा आयडी मागणं. नाही दिला की "जा, भाकऱ्या थाप." आणि मॅच हरली की सगळा दोष तिच्या माथी.

ऑनलाइन खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, यातलं काही ना काही तिने ऐकलेलं असतंच. मुलांना विचारलं तर बरेच जण सांगतात, "त्यात काय एवढं? गेमिंग आहे ते. तिथे सगळ्यांनाच शिव्या पडतात."

शिव्या सगळ्यांनाच पडतात हे खरं. पण सारख्याच पडतात का? अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हे चक्क मोजून बघितलं. 'हेलो ३' या गेममध्ये त्यांनी तीन प्रकारे मॅच खेळल्या. काहींमध्ये पुरुषाच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केलेली वाक्यं वाजवली, काहींमध्ये तीच वाक्यं बाईच्या आवाजात वाजवली आणि काहींमध्ये काहीच वाजवलं नाही. वाक्यं साधीच होती. तरीही बाईच्या आवाजाला मिळालेल्या वाईट कमेंट साधारण तिप्पट निघाल्या.

२०१५ मध्ये याच प्रकारच्या माहितीवर आणखी एक अभ्यास आला. बाईच्या आवाजावर सगळ्यात जास्त तुटून पडणारे खेळाडू कोण, हे त्यात तपासलं होतं. उत्तर मजेशीर आहे. जे स्वतः वाईट खेळत होते ते! चांगलं खेळणारे पुरुष उलट तिच्याशी जास्त नीट वागत होते. संशोधकांचा तर्क असा की ज्यांचं स्थान आधीच डळमळीत असतं, त्यांना बाईकडून हरायची भीती जास्त वाटते.

म्हणजे "ही जागा आमची आहे" ही भावना कुठेतरी खोलवर रुजली आहे. पण ती जागा मुलांची झाली कधी? कारण सुरुवातीला ती तशी नव्हती.

सुरुवात झाली तेव्हा मैदानात कोण होतं?

१९७६ मध्ये 'फेअरचाइल्ड चॅनल एफ' नावाचं कन्सोल बाजारात आलं. त्याआधी घरगुती व्हिडिओ गेमच्या डब्यात जे गेम असतील तेच खेळावे लागायचे. चॅनल एफमध्ये पहिल्यांदा कॅसेट बदलून नवा गेम खेळायची सोय झाली. नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीत कॅसेट फुंकून फुंकून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले गेले, त्या सगळ्या प्रकाराचं मूळ हे.

या कन्सोलमागच्या टीमचे प्रमुख होते जेरी लॉसन, ब्रुकलिनमध्ये जन्मलेले एक कृष्णवर्णीय इंजिनिअर. सिलिकॉन व्हॅलीत तेव्हा त्यांच्यासारखे कृष्णवर्णीय इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गेमिंगच्या इतिहासात त्यांचं नाव कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही. गेम डेव्हलपर्सच्या संघटनेने त्यांचा जाहीर सन्मान केला तो मार्च २०११ मध्ये. पुढच्याच महिन्यात लॉसन वारले.

१९८० मध्ये जपानमध्ये 'पॅक-मॅन' आला. तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांनी नंतर सांगितलं की तेव्हाच्या आर्केडमध्ये नुसते अंतराळातल्या गोळीबाराचे गेम होते आणि तिथे मुली, जोडपी यावीत म्हणून त्यांनी मुद्दाम खाण्याभोवती फिरणारा गेम केला. बायकांना खाणं आवडतं हा त्यांचा अंदाज आज थोडा गमतीशीर वाटेल. पण मुद्दा असा की जगातला सगळ्यात गाजलेला आर्केड गेम डिझाइन करतानाच बाई हा ग्राहक डोळ्यासमोर होता.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स यांनी 'मिस्ट्री हाउस' हा कॉम्प्युटर गेम डिझाइन केला. शब्दांच्या जोडीला चित्रं असलेल्या ॲडव्हेंचर गेमची सुरुवात इथून झाली. १९८१ चा 'सेंटिपीड' डोना बेली यांनी सहकाऱ्यासोबत बनवला. १९८२ चा 'रिव्हर रेड' कॅरल शॉ यांचा. नदीवरून विमान उडवत समोर येईल ते उडवायचं, असा हा गेम. मुलींना शूटिंगचे गेम जमत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९८३ चा 'म्यूल' हा चार जणांनी एकत्र बसून खेळायचा गेम डॅनिएल बंटन बेरी यांनी डिझाइन केला. त्या ट्रान्स महिला होत्या. त्यांनी लिंगबदल १९९२ मध्ये केला आणि १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. अनेक जणांनी मिळून खेळायच्या गेमचा विचार इतक्या आधी करणारी माणसं फार थोडी होती.

म्हणजे कृष्णवर्णीय, बायका, ट्रान्स व्यक्ती या क्षेत्रात 'आता घुसवल्या' जातायत असं जे म्हटलं जातं, ते इतिहासाला धरून नाही. त्या पहिल्यापासून होत्या.

मग खेळण्यांच्या दुकानात काय झालं?

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. बाजारात कन्सोलची गर्दी झाली होती आणि कसेही घाईघाईत केलेले गेम विकले जात होते. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट ट्रकमध्ये भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन पुरल्या. ही दंतकथा वाटावी, पण २०१४ मध्ये खोदकाम झालं आणि त्या कॅसेट खरंच सापडल्या. दोन वर्षांत घरगुती गेमची उलाढाल सुमारे ३२० कोटी डॉलरवरून सुमारे १० कोटी डॉलरवर आली.

दुकानदार म्हणायला लागले, व्हिडिओ गेम हे नावच नको.

अशा वेळी १९८५ मध्ये जपानची निन्टेंडो अमेरिकेत उतरली. तिने आपल्या कन्सोलला व्हिडिओ गेम न म्हणता 'एंटरटेनमेंट सिस्टीम' म्हटलं, सोबत एक प्लास्टिकचा रोबो दिला आणि माल खेळणी म्हणून विकायला काढला. युक्ती चालली. पण खेळण्यांच्या दुकानात शिरल्यावर एक प्रश्न आला. तिथे दोन बाजू असतात. एकीकडे गाड्या, बंदुका, रोबो. दुसरीकडे बाहुल्या आणि भातुकली. मधली बाजू नसते.

व्हिडिओ गेम मुलांच्या बाजूला गेला.

यात कुणाचा काही कट नव्हता. पडलेल्या धंद्यात जाहिरातीचे पैसे जपून वापरायचे असतात आणि एकच गिऱ्हाईक पक्कं धरलं तर जाहिरात सोपी होते. मग जाहिरातीत मुलगेच दिसायला लागले. जाहिरात बघून मुलगे गेम घ्यायचे, मुलगे घेतात म्हणून कंपन्या त्यांच्यासाठीच गेम करायच्या आणि तेच गेम बघून मुलींना वाटायचं, हे आपल्यासाठी नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ते निसर्गनियमासारखं दिसतं.

घरगुती कॉम्प्युटरचंही तसंच झालं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत बायका सुमारे ३७ टक्के होत्या. त्यानंतर हा आकडा घसरत पुढे १८ टक्क्यांच्या आसपास आला. कॉम्प्युटर आणि गेम दोन्ही मुलाच्या खोलीत गेले आणि पुढे गेम बनवणारी पिढी त्याच खोलीतून आली. आंतरराष्ट्रीय गेम डेव्हलपर संघटनेच्या २००५ च्या पाहणीत या उद्योगातल्या बायका जेमतेम साडेअकरा टक्के होत्या.

पडद्यावर कोण दिसायचं?

बनवणारे एकसारखे असले की बनणारी पात्रंही एकसारखी होतात.

१९८६ च्या 'मेट्रॉइड' मध्ये आपण चिलखत घातलेला एक योद्धा खेळतो. शेवटी शिरस्त्राण उतरतं आणि कळतं की ती बाई आहे, तिचं नाव सॅमस. त्या काळी हा जबरदस्त धक्का होता. पण त्यात एक मेख होती. गेम जितक्या कमी वेळात संपवाल, तितके शेवटी सॅमसच्या अंगावरचे कपडे कमी. म्हणजे ती नायिका होती आणि खेळणाऱ्याचं बक्षीसही तीच होती.

१९९६ मध्ये 'टूम रेडर'ची लारा क्रॉफ्ट आली. हुशार, धाडसी, कुणाच्या आधाराची गरज नसलेली. तिच्या जाहिरातींचा भर मात्र तिच्या शरीरावर राहिला. अनेक मुलींना ती आवडली आणि तिची खटकही वाटली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

वर्णाचं काय? आपलंच उदाहरण घ्या. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये भारताचा खेळाडू होता धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांब होणारे हातपाय, तोंडातून आग. पार्लरमध्ये रुपया टाकून आपण त्याच्याशी हौसेने खेळलो, 'योगा फायर' ओरडलो. पण जपान आणि अमेरिकेच्या खेळाडूंना रुबाबदार तरुण व्हायची मुभा होती, भारताच्या वाट्याला मात्र गारुडी आणि अघोरी यांची मिसळ आली. ज्याने आयुष्यात एकही भारतीय पाहिला नाही अशा परदेशी मुलासाठी कित्येक वर्षं 'भारतीय' म्हणजे तोच.

कृष्णवर्णीयांची कथा वेगळी नाही. सायबर कॅफेत ज्यांनी तासाच्या हिशेबाने 'जीटीए सॅन अँड्रियास' खेळला त्यांना सीजे आठवत असेल. २००४ चा तो गेम भारी होता आणि सीजे जिवंत वाटायचा. अडचण सीजेमध्ये नव्हती. अडचण ही होती की मोठ्या गेममध्ये कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा गुंड किंवा मैदानावरचा खेळाडू याच दोन रूपांत भेटायचा.

२००९ मध्ये संशोधकांनी १५० गेममधल्या पात्रांची चक्क जनगणना केली. सुमारे ८५ टक्के पात्रं पुरुष आणि सुमारे ८० टक्के गोरी निघाली. अमेरिकेत लॅटिन वंशाचे लोक लोकसंख्येच्या सातव्या हिश्शाहून जास्त. गेममध्ये ते तीन टक्केसुद्धा नव्हते.

आणि समलैंगिक, ट्रान्स पात्रं? ती बहुतेक चेष्टेपुरती. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २' सोबतच्या पुस्तिकेत बर्डो या पात्राची ओळखच 'स्वतःला मुलगी समजणारा' अशी करून दिली होती.

या बाबतीतला सगळ्यात रंजक किस्सा १९९९ चा. 'द सिम्स' हा गेम तयार होत होता. समलिंगी नाती दाखवायची की नाही यावर कंपनीत चर्चा झाली आणि नको असं ठरलं. पण पॅट्रिक बॅरेट नावाच्या नव्या प्रोग्रामरला जुना आराखडा हाती मिळाला. त्याने त्यात लिहिल्याप्रमाणे कोड लिहिला. मग ई-थ्री या मोठ्या प्रदर्शनात पत्रकारांसमोर गेमचा डेमो सुरू झाला. लग्नाचा प्रसंग होता. पाहुण्यांच्या हालचाली आधी ठरवून ठेवायला वेळ मिळाला नव्हता. त्या गर्दीतल्या दोन स्त्रीपात्रांनी आपणहून एकमेकींचं चुंबन घेतलं. प्रदर्शनभर त्याचीच चर्चा झाली. २००० मध्ये गेम आला, तुफान खपला आणि समलिंगी नाती त्यात तशीच राहिली. जग बुडालं नाही.

२०१४: गेमरगेट नावाचं वादळ

आता येऊ या त्या वर्षाकडे, ज्याने हा सगळा वाद घराघरात नेला.

जून २०१४. युबिसॉफ्ट कंपनीचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' येणार होता. चार जणांनी मिळून खेळायची सोय, पण चारही पात्रं पुरुष. बाई का नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं की बाईसाठी वेगळं ॲनिमेशन, वेगळे कपडे, म्हणजे काम फार वाढतं. यावर याच मालिकेवर आधी काम केलेला एक ॲनिमेटर जाहीरपणे म्हणाला, हे एकदोन दिवसांचं काम आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतलं अख्खं पॅरिस उभं करणाऱ्या कंपनीला एक बाई उभी करणं जड जातंय, म्हणून सोशल मीडियावर भरपूर टर उडाली.

दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, झोई क्विन या गेम डेव्हलपरच्या आधीच्या प्रियकराने इंटरनेटवर एक लांबलचक मजकूर टाकला. त्यात खासगी नात्याची उणीदुणी होती. क्विन यांनी 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाचा, नैराश्यावरचा, फुकटात खेळता येणारा छोटा गेम केला होता. त्या मजकुरावरून अफवा उठली की चांगलं परीक्षण मिळावं म्हणून त्यांनी एका गेम पत्रकाराशी संबंध ठेवले. त्या पत्रकाराने त्या गेमचं परीक्षण लिहिलेलंच नव्हतं. पण तोवर गाडी सुटली होती. ऑगस्टच्या शेवटी एका अभिनेत्याने ट्विटरवर 'गेमरगेट' हा हॅशटॅग वापरला आणि तेच नाव पडलं.

समोर मागणी होती, 'गेम पत्रकारितेत नैतिकता हवी'. मागे काय चाललं होतं? क्विन यांचा पत्ता, फोन नंबर शोधून जाहीर करणं. त्यांचे फोटो पसरवणं. जीवे मारायच्या, बलात्काराच्या धमक्या. त्यांना घर सोडावं लागलं.

दुसरं लक्ष्य होत्या अनिता सार्कीजियन. गेममध्ये बायका कशा दाखवल्या जातात यावर त्या व्हिडिओ करत. २०१२ मध्ये त्यांनी या मालिकेसाठी लोकांकडे ६,००० डॉलर मागितले होते. लगेच शिवीगाळ सुरू झाली. त्यांच्या चेहऱ्यावर ठोसे मारायचा एक गेमसुद्धा कुणीतरी बनवला. ते बघून लोकांनी उलट दीड लाख डॉलरहून जास्त दिले. २०१४ मध्ये मात्र गोष्ट शिवीगाळीवर थांबली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांचं यूटा राज्यातल्या एका विद्यापीठात भाषण होतं. आदल्या दिवशी ईमेल आला, भाषण झालं तर तिथे गोळीबाराने कत्तल करू. त्यात १९८९ च्या माँट्रियलमधल्या हत्याकांडाचा हवाला होता. त्यात १४ बायकांना मारलं गेलं होतं. राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारकांना बंदूक घेऊन सभागृहात यायला बंदी घालता येत नव्हती. सार्कीजियन यांनी भाषण रद्द केलं.

त्याच महिन्यात डेव्हलपर ब्रिआना वू यांनाही धमक्यांमुळे घर सोडावं लागलं. एफबीआयने चौकशी केली. तिची कागदपत्रं २०१७ मध्ये बाहेर आली, पण त्यातून कुणावर खटला उभा राहिला नाही.

पत्रकारितेचा प्रश्न खोटा होता का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. गेम कंपन्या आणि गेम पत्रकार यांचं साटंलोटं हा खरा विषय आहे. ज्या कंपनीच्या जाहिरातीवर पान चालतं तिच्याच गेमला तारे द्यायचे, यावर वाचकांनी चिडणं योग्यच. गेमरगेटमध्ये सामील झालेल्या अनेकांना तोच राग होता, हेही खरं.

पण रागाची दिशा बघा. साटंलोटं असतं ते कोट्यवधी डॉलरच्या कंपन्यांशी. झुंड मात्र धावून गेली फुकट गेम करणाऱ्या एकट्या डेव्हलपरवर, व्हिडिओ करणाऱ्या एका समीक्षकावर. त्या अफवेतल्या पत्रकाराच्या वाट्याला आलेला राग आणि क्विन यांच्या वाट्याला आलेला राग यांची तुलनाच होत नव्हती. चळवळ कशासाठी आहे हे तिच्या घोषणेपेक्षा ती कुणाला गाठते यावरून जास्त कळतं.

आणि हा वाद गेमपुरता राहिला नाही. शेकडो खोटी खाती उघडायची, जुने स्क्रीनशॉट उकरायचे, पत्ता जाहीर करायचा, कंपनीच्या जाहिरातदारांना ईमेलचा भडिमार करून माणसाला एकटं पाडायचं, ही सगळी तंत्रं तिथे घासूनपुसून धारदार झाली. जाहिरातदारांवरचा दबाव तर इतका होता की इंटेलने एका गेमिंग संकेतस्थळावरच्या आपल्या जाहिराती काढल्या आणि नंतर माफी मागितली. आज फेसबुक-इन्स्टावर एखाद्या अभिनेत्रीच्या, पत्रकाराच्या मागे लागलेली झुंड तुम्ही बघता, तेव्हा ही पद्धत ओळखीची वाटेल.

गेम बनवणाऱ्या ऑफिसात काय चाललं होतं?

पडद्यामागे काय होतं ते काही वर्षांनी बाहेर आलं. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्समध्ये बायकांशी भेदभाव होतो असं २०१८ मध्ये एका सविस्तर बातमीतून समोर आलं. २०१९ मध्ये कर्मचारी काम थांबवून बाहेर आले. २०२१ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डवर कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यात मुख्य मुद्दा बायकांचा पगार आणि बढती हा होता. कंपनीत सर्वत्र लैंगिक छळ चालायचा हे कुठल्या न्यायालयाने किंवा स्वतंत्र चौकशीने सिद्ध केलेलं नाही, असंही त्या तडजोडीत नमूद झालं.

खेळणाऱ्यांच्या बाजूलाही त्रास थांबला नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्विचवर कृष्णवर्णीय आणि एलजीबीटीक्यू स्ट्रीमरच्या चॅटमध्ये एकदम शेकडो बनावट खाती घुसून द्वेषाचा मजकूर ओतायची. त्याविरुद्ध १ सप्टेंबरला अनेक स्ट्रीमरनी एक दिवस ट्विच बंद ठेवलं.

यासुके: तोच माणूस, दोन प्रतिक्रिया

मे २०२४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'ची घोषणा झाली. सोळाव्या शतकातलं जपान. दोन नायक, नाओए ही स्त्री शिनोबी आणि यासुके हा आफ्रिकन योद्धा. पुन्हा वादळ उठलं. 'जपानच्या इतिहासात काळा माणूस घुसवला' असा ओरडा झाला.

यासुके मात्र खरा होता. गोव्यात उतरून भारतात काही वर्षं घालवलेले जेझुइट धर्मगुरू वलिन्यानो १५७९ मध्ये जपानला पोचले, तेव्हा तो त्यांच्यासोबत होता. १५८१ मध्ये तो ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारासमोर आला. कातडीचा रंग खरा आहे यावर नोबुनागाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने त्याला घासून बघायला लावलं. मग त्याला पदरी ठेवलं, घर आणि तलवार दिली. त्याला 'सामुराई' म्हणावं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो होता का, यावर नाहीत.

गंमत पुढे आहे. २०१७ च्या 'निओह' या जपानी गेममध्येही यासुके होता. तेव्हा असा गदारोळ झाला नाही. तिथे तो हरवायचा शत्रू होता. तो नायक झाला, म्हणजे त्याच्या जागी आपण उभं राहायची वेळ आली, तेव्हा लोक खवळले.

यातही टीका आणि झुंड वेगळी करायला हवी. युबिसॉफ्टने जपानमधल्या एका इतिहासप्रेमी गटाचं निशाण न विचारता चित्रात वापरलं आणि नंतर माफी मागितली. त्यावर जपानी लोकांनी चिडणं अगदी रास्त. गेम कंटाळवाणा आहे, संवाद ओढूनताणून घातलेत, हेही म्हणता येतं. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ची कथा न आवडणं हा तुमचा हक्क. पण त्यातल्या ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जीवे मारायच्या धमक्या देणं ही टीका नव्हे.

'गेममध्ये राजकारण नको'

हे वाक्य तुम्ही कमेंटमध्ये शंभरदा वाचलं असेल. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. दिवसभर कॉलेज, नोकरी, घरचे प्रश्न. रात्री तासभर डोकं बाजूला ठेवून खेळायचं तर तिथेही कुणी शिकवणी घ्यायला लागलं की वैताग येतो. आणि काही कंपन्या केवळ दाखवण्यापुरती पात्रं चिकटवतात, हेही खरं.

पण सॅमसचे कपडे कमी करायचे, धालसिमच्या गळ्यात कवट्या घालायच्या, चारही असॅसिन पुरुष ठेवायचे, हे सगळे निर्णयच होते. ते कुणीतरी घेतले होते. आपल्याला ते निर्णय दिसले नाहीत, कारण सवय झाली होती. वेगळा निर्णय दिसला की तेवढाच डोळ्यात खुपतो.

सवय किती पक्की आहे बघा. २०१५ मध्ये अमेरिकेत प्यू संस्थेने पाहणी केली. ५० टक्के पुरुष आणि ४८ टक्के बायका व्हिडिओ गेम खेळत होत्या. जवळजवळ बरोबरी. तरी ६० टक्के लोकांना वाटत होतं की खेळणारे बहुतेक पुरुषच असतात. आणि स्वतःला 'गेमर' म्हणवणारे पुरुष १५ टक्के होते, बायका फक्त ६ टक्के. खेळत होत्या, पण ते नाव स्वतःला लावून घेत नव्हत्या. खेळण्यांच्या दुकानातली ती बाजू तीस वर्षांनीही डोक्यात तशीच होती.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे फार जणांना गेमिंग भेटलं ते मोबाइलवर, स्वस्त डेटामुळे. इथे दुकानातल्या दोन बाजू नव्हत्या. फोन भावाच्या हातात होता तसा बहिणीच्याही हातात आला. तरी माइकवरची भाषा मात्र आयती तीच आली.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात नामवंत गेमरची भेट घेतली. त्यात मुंबईचा नमन माथुर होता, आपला मिथिलेश पाटणकर होता. मुलगी एकच, मध्य प्रदेशातल्या छोट्या गावातून आलेली पायल धारे. सातात एक. ती तिथे होती ही आनंदाची गोष्ट, आणि ती एकटीच होती हेही लक्षात ठेवायची गोष्ट.

बनवणाऱ्यांच्या बाजूला एक चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम केला. भावाला शोधायला निघालेली, राक्षसांशी लढणारी मुलगी ही त्याची नायिका. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी गेम सोडला नाही. २०२० मध्ये तो आला आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या गेमिंग पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. कवट्यांची माळ घातलेल्या धालसिमपासून राजीपर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि ती आपल्याच माणसांनी आणली.

मग आपण काय करायचं?

फार मोठं काही नाही. पुढच्या वेळी स्क्वाडमध्ये मुलीचा आवाज आला तर "कुठे उतरायचं?" एवढंच विचारा. तिसरा कुणी घाण बोलायला लागला तर त्याला म्यूट करून रिपोर्ट करा, आणि शक्य असेल तर माइकवर "बास कर भावा" म्हणा. हे वाक्य मुलीने म्हटलं तर तिला आणखी शिव्या पडतात, तुम्ही म्हटलंत तर बहुतेक वेळा समोरचा गप्प बसतो. आणि तुम्हालाच कुणी धमकी देत असेल, मागे लागलं असेल, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

त्या अभ्यासातली गोष्ट आठवते ना? चांगलं खेळणाऱ्यांना बाईच्या आवाजाचा त्रास होत नव्हता.

लॉबीतली ती चौथी खेळाडू अजून गप्पच आहे. कदाचित तिला दोन घरं पलीकडे बसलेला शत्रू दिसलाय. तिने सांगितलं तर मॅच जिंकाल. पण त्यासाठी तिला माइक चालू करावासा वाटला पाहिजे.